शितावरून भात

९ ऑक्टोबर २०२४ रोजी निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीने एक नवं यंत्र जाहीर केलं. ते गजराचं घड्याळ निघालं. अलार्मो त्याचं नाव, तेव्हाची किंमत ९९.९९ डॉलर. पलंगावरच्या माणसाची हालचाल ते रेडिओलहरींनी ओळखतं आणि माणूस उठून बाजूला झाला की गजर थांबतो. वस्तू म्हणून ते मोठं गोड आहे. पण निन्टेन्डोचे चाहते ज्याची वाट पाहत होते ते हे नव्हतं. स्विच हा त्यांचा कन्सोल, म्हणजे हातात धरून किंवा टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, बाजारात येऊन साडेसात वर्षं झाली होती. त्याच्या वारसदाराची घोषणा होणार हे कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी ७ मे रोजीच सांगून ठेवलं होतं, आणि तेव्हापासून प्रत्येक सकाळ ‘आज तरी?’ या प्रश्नाने उजाडत होती.

त्या प्रतीक्षेत जे अंदाज बांधले गेले त्यांचा ताळा आता करता येतो, कारण स्विच २ हे यंत्र ५ जून २०२५ रोजी लोकांच्या हातात पडलं. अंदाज बांधणाऱ्यांना ‘बाजारात तुरी’ म्हणून हिणवणं सोपं आहे. मला ते पटत नाही. त्यांतले बरेच जण हवेत बोलत नव्हते. त्यांच्याकडे शितं होती आणि ती खरी होती. शितावरून भात शिजला की नाही ते कळतं. ताटात शेजारी काय वाढलं जाणार हे मात्र कळत नाही, आणि नेमके तिथेच लोक पुन्हा पुन्हा फसले.

फोन दरवर्षी येतो, त्यामुळे त्याची उत्सुकता आठवडाभरात विरून जाते. पहिला स्विच ३ मार्च २०१७ चा. म्हणजे दोन यंत्रांमध्ये आठ वर्षं तीन महिने गेले. सातवीत असताना पहिला घेतलेली मुलगी दुसरा येईपर्यंत पदवीला पोचली. शिवाय कन्सोल एकदा ठरला की पुढची अनेक वर्षं गेम बनवणारे त्याच्याच मापात बनवतात. आत किती मेमरी आहे, चिप किती जोरात पळते, हे प्रश्न म्हणूनच नुसते आकड्यांचे राहत नाहीत. आपल्या आवडत्या मालिकेचा पुढचा खेळ या यंत्रावर येईल का आणि आला तर कसा दिसेल, हे त्यांत दडलेलं असतं. लोक चार-चार वर्षं एका चिपच्या मागे लागतात ते त्यासाठी.

गुप्तता कितीही पाळली तरी एवढं मोठं काम बंद खोलीत होत नाही. चिपची आखणी विक्रीच्या काही वर्षं आधी सुरू होते. तिच्याशी बोलणारं सॉफ्टवेअर त्याच वेळी लिहावं लागतं. मग गेम स्टुडिओंना डेव्हलपमेंट किट, म्हणजे गेम बनवून तपासायची यंत्रं, जातात. मग सुटे भाग एका देशातून दुसऱ्या देशात निघतात आणि कस्टमच्या कागदांवर उतरतात. शेवटी कव्हर आणि स्क्रीनगार्ड बनवणाऱ्यांना मापं लागतात. ज्यात वायफाय किंवा ब्लूटूथ आहे त्या प्रत्येक यंत्राला अमेरिकेत एफसीसी या सरकारी संस्थेची मंजुरीही घ्यावी लागते. तिथे कंपनीला छायाचित्रं १८० दिवसांपर्यंत झाकून ठेवता येतात, पण चाचण्यांचे अहवाल सगळ्यांना वाचता येतात. प्रत्येक टप्प्याची खूण निराळी आणि तिचं वजनही निराळं. कस्टमची नोंद करणाऱ्याला कुणाला चकवायचं नसतं, तो फक्त खोक्यात काय आहे ते लिहितो. म्हणून ती नोंद दहा ‘आतल्या गोटातल्या’ माणसांपेक्षा भरवशाची.

या यंत्राची कहाणी टी२३९ या चार अक्षरांपासून सुरू झाली. जून २०२१ मध्ये, चिपच्या बातम्यांसाठी नाव असलेल्या एका ट्विटर खात्याने हा क्रमांक लिहिला. तेव्हा बऱ्याच जणांनी तो सोडून दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये लॅप्सस नावाच्या टोळीने चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्या संगणकांत घुसून फायली चोरल्या, आणि त्यांत एनव्हीएन२ हे नाव सापडलं. पहिल्या स्विचसाठी एनव्हिडियाने लिहिलेल्या ग्राफिक्स लायब्ररीचं नाव एनव्हीएन, तेव्हा एनव्हीएन२ कुणासाठी हे सांगायला नको. त्याच फायलींमध्ये चिपच्या ग्राफिक्स भागात १२ गट असल्याची नोंद होती. एनव्हिडियाच्या अँपिअर घराण्यात अशा एका गटात १२८ कोर, म्हणजे आकडेमोड करणारे छोटे भाग, असतात, म्हणजे एकूण १५३६. चोरीतून आलेल्या माहितीवर आनंद मानणं मला बरं वाटत नाही. पण ती बाहेर आल्यावर तिच्याकडे पाठ फिरवणं कुणालाच जमलं नाही, हेही खरं. पुढे २०२४ मध्ये आयात-निर्यातीच्या नोंदी चाळणाऱ्यांना मेमरीचे दोन तुकडे मिळून १२ जीबी आणि साठवण २५६ जीबी हे आकडे मिळाले. तिन्ही आकडे, १५३६, १२ आणि २५६, शेवटी तंतोतंत खरे ठरले. घोषणेच्या आधीच यंत्राचं पोट लोकांना पाठ झालं होतं.

मग चुकलं कुठे? पहिली चूक गुणाकारात. ग्राफिक्स चिपची कागदावरची ताकद काढायची तर कोरची संख्या गुणिले दोन गुणिले क्लॉक स्पीड. दोनने गुणायचं ते अशासाठी की एक कोर घड्याळाच्या एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज अशी दोन कामं करतो. कोरची संख्या फायलींमधून कळली होती, ठोक्यांचा वेग कळला नव्हता. ज्याने जो वेग धरला त्याला तसं उत्तर आलं आणि त्यावरून महिनोन् महिने भांडणं झाली. खरं तर पहिल्या स्विचने हा धडा आधीच दिला होता. त्यातली टेग्रा एक्स१ चिप २५६ कोरची. १००० मेगाहर्ट्झवर ती ५१२ गिगाफ्लॉप्स देते (एक गिगाफ्लॉप म्हणजे सेकंदाला शंभर कोटी आकडेमोडी, हजार गिगाफ्लॉप्सचा एक टेराफ्लॉप), आणि २०१६ मध्ये अनेकांनी तोच आकडा धरला. प्रत्यक्षात निन्टेन्डोने टीव्हीला जोडलेल्या अवस्थेत तिला ७६८ मेगाहर्ट्झवर रोखलं, म्हणजे सुमारे ३९३. हातात धरून खेळताना सुरुवातीला ३०७.२ मेगाहर्ट्झ, म्हणजे जेमतेम १५७. चिप तीच, उत्तर एक तृतीयांशाहून कमी.

वेग रोखतात तो उष्णतेमुळे आणि बॅटरीमुळे. हे ज्याने लक्षात ठेवलं त्याला स्विच २ चा अंदाजही बऱ्यापैकी जवळचा करता आला असता. हातात धरायच्या यंत्रात बॅटरी ५००० एमएएचच्या आसपास धरा (ती ५२२० निघाली). म्हणजे साधारण २० वॉट-तास. जड खेळ किमान दोन तास चालायला हवा असेल तर पडदा, मेमरी, पंखा, वायफाय आणि चिप या सगळ्यांना मिळून १० वॉट मिळतात. त्यातून पडद्याचे आणि बाकीच्यांचे वजा करा, चिपच्या वाट्याला किती थोडे उरतात ते पाहा. स्विच २ हातात असताना ग्राफिक्स ५६१ मेगाहर्ट्झवर चालतं आणि डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडणाऱ्या बैठकीत, १००७ वर. गुणाकार केला तर सुमारे १.७ आणि ३.१ टेराफ्लॉप्स. मोठे आकडे सांगणाऱ्यांनी कोर मोजले होते, वॉट मोजले नव्हते.

सोनीच्या प्लेस्टेशन ५ च्या वेळी याच्या उलट झालं. तिथे फुटलेल्या चाचणीच्या नोंदींमध्ये ३६ कॉम्प्युट युनिट (कोरचे गट) आणि २.० गिगाहर्ट्झ होते, म्हणजे ९.२ टेराफ्लॉप्स. मार्च २०२० मध्ये त्या यंत्राची आखणी करणारे मार्क सर्नी यांनी सांगितलेला आकडा १०.२८ होता. युनिट ३६च, वेग मात्र २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत. नोंद खरी होती, फक्त मधल्या एका टप्प्यावरची होती. फुटलेला कागद कोणत्या तारखेचा आहे हे न पाहता तो आजचा समजायचा, ही सवय फार जुनी आहे.

स्विच २ च्या बाबतीत आणखी एक गोष्ट छातीठोकपणे सांगितली जात होती. एवढे १५३६ कोर जुन्या ८ नॅनोमीटर पद्धतीने बनवले तर हातातलं यंत्र तापेल, म्हणून चिप नव्या ४ नॅनोमीटरवरच असणार. तर्क बिनतोड वाटतो. पण चिप उघडून तिची छायाचित्रं तपासणाऱ्यांना सॅमसंगची ८ नॅनोमीटर घराण्यातलीच पद्धत दिसली. निन्टेन्डोने दुसरी वाट काढली होती. कोर भरपूर ठेवायचे आणि ते सावकाश पळवायचे. व्होल्टेज कमी राहतं आणि वीज त्याहून अधिक प्रमाणात वाचते. ‘असायलाच हवं’ या शब्दांनी सुरू होणारा अंदाज दिसला की मी आता तिथे थांबतो, कारण त्या शब्दांपाशी माहिती संपून इच्छा सुरू झालेली असते.

इच्छेचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे जॉय-कॉनची, म्हणजे स्विचच्या दोन बाजूंना लागणाऱ्या सुट्या कंट्रोलरची, काडी. पहिल्या स्विचमध्ये ती आपोआप सरकायची. हात न लावता पात्र चालायला लागायचं. आत पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे कार्बनच्या पट्टीवर घासत जाणारा धातूचा संपर्क. पट्टी झिजते, धूळ बसते, आणि काडी मध्यावर असूनही चिपला ती कलल्याचं कळतं. यावर हॉल इफेक्ट सेन्सर हा उपाय आहे, त्यात चुंबकाची जागा न स्पर्श करता मोजली जाते, घासायला काही नसतंच. आठ वर्षं हा त्रास सोसलेल्या लोकांना वाटलं की नव्या यंत्रात हॉल इफेक्ट येणारच. वाटता वाटता ती बातमी झाली, आणि फिरता फिरता खात्री. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीने सांगितलं, हॉल इफेक्ट नाही. या बातमीला कस्टमचा कागद नव्हता, छायाचित्र नव्हतं, फाइल नव्हती. होती ती रास्त तक्रार. तक्रार रास्त असली तरी तिचा पुरावा होत नाही, हे मान्य करायला जड जातं.

आणि २०२१! भाग बरोबर आणि जोडणी चूक याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. त्या वर्षीच्या मार्चमध्ये बातमी आली की निन्टेन्डो सॅमसंगकडून ७ इंची ओएलईडी पडदे घेणार आहे आणि नवा स्विच टीव्हीवर ४के चित्र देईल. लोकांनी स्वतःच त्याचं ‘स्विच प्रो’ असं बारसं केलं. ६ जुलैला यंत्र जाहीर झालं. पडदा ७ इंची, ओएलईडी, किंमत ३४९.९९ डॉलर. आत तीच जुनी चिप, ४के नाही. पडदे खरोखर मागवले होते, चार वर्षांनी येणाऱ्या टी२३९ ची कुजबुज त्याच सुमारास सुरू झाली होती, आणि लोकांनी दोन वेगळ्या यंत्रांच्या खुणा एकाच यंत्राला चिकटवल्या. निराशा इतकी झाली की चांगल्या पडद्याचं यंत्र आल्याचं कौतुकही धड झालं नाही. मला त्या यंत्राबद्दल आजही वाईट वाटतं.

खोट्या चित्रांचा इतिहास याहून रंगतदार आहे. मे २००५ मध्ये निन्टेन्डोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी लॉस एंजेलिसच्या ई३ प्रदर्शनात ‘रिव्होल्यूशन’ नावाचं काळं खोकं हातात धरून दाखवलं, पण कंट्रोलर लपवून ठेवला. त्या पोकळीत एका चाहत्याने ‘निन्टेन्डो ऑन’ नावाची फीत सोडली. डोक्यावर घालायचं हेल्मेट, आत आभासी जग. ती इतकी सफाईदार होती की भल्याभल्यांनी खरी मानली. सप्टेंबरमध्ये तोक्योत खरा कंट्रोलर दिसला. टीव्हीच्या रिमोटसारखी पांढरी कांडी. हेल्मेटची कल्पना कुणालाही सुचली असती, कांडीची सुचली नाही. पुढे त्या खोक्याचं नाव वी (Wii) झालं.

मार्च २०१६ मध्ये, पुढे स्विच झालेल्या पण तेव्हा ‘एनएक्स’ म्हणवणाऱ्या यंत्राच्या अंडाकृती कंट्रोलरची छायाचित्रं आली. समोरचा अख्खा भाग पडदा, त्यातून वर आलेल्या दोन काड्या. ती पटली, कारण निन्टेन्डोच्या एका पेटंटमधलं चित्र तसंच होतं. अर्थात चित्र तसंच होतं कारण बनवणाऱ्यांनी ते पेटंट समोर ठेवूनच काम केलं होतं. थ्री-डी प्रिंटरवर कवच कसं काढलं हे नंतर त्यांतल्या एकाने उघड दाखवलं. पेटंट सहसा अर्ज केल्यापासून १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतं, तेव्हा आज दिसणारं पेटंट म्हणजे कंपनीचा दीड वर्षापूर्वीचा विचार. त्यातले कित्येक विचार कधीच वस्तू होत नाहीत. खोटी छायाचित्रं ओळखायची तर यंत्राची नक्षी बाजूला ठेवून कंटाळवाण्या गोष्टी पाहाव्यात. दोन कवचं जुळतात तिथली रेघ, स्क्रू, मागचा बारीक अक्षरांतला मजकूर, पडद्याचा उजेड बोटांवर पडतो का. खोटं बनवणारा समोरची बाजू सजवतो, या बाबींत मात्र सहसा आळस करतो.

तारखेचा अंदाज मात्र सरळ वाचता येण्याजोगा होता. फुरुकावांनी मे २०२४ मध्ये ‘या आर्थिक वर्षात घोषणा करू’ असं म्हटलं. बहुतेक जपानी कंपन्यांचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच, १ एप्रिल ते ३१ मार्च, त्यामुळे आपल्याकडच्या वाचकाला ते वाक्य लगेच कळायला हवं होतं. अनेकांनी तरी ‘या वर्षात’ एवढंच ऐकलं आणि डिसेंबर २०२४ संपताना चिडले. घोषणा १६ जानेवारी २०२५ ला झाली, मुदतीच्या आत. त्याच्या आठवडाभर आधी लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात एका ॲक्सेसरी कंपनीने थ्री-डी प्रिंट केलेली प्रतिकृती मांडली होती आणि कन्सोल एप्रिलमध्ये येईल असंही म्हटलं होतं. आकार जुळला, महिना चुकला. मापं कारखान्यातून मिळतात, तारीख मिळत नाही.

घोषणेच्या २ मिनिटं २२ सेकंदांच्या फितीत जॉय-कॉन कडेवर उभं राहून जमिनीवर घसरतं. ते माउससारखं चालेल ही कुजबुज त्या एका दृश्याने खरी ठरली. मात्र २ एप्रिलच्या कार्यक्रमात कुणाच्याही वहीत नसलेल्या गोष्टी आल्या. फ्रॉमसॉफ्टवेअर या गेम कंपनीचा फक्त याच यंत्रासाठीचा ‘द डस्कब्लड्स’ हा खेळ, मारिओ कार्ट वर्ल्डची ७९.९९ डॉलर किंमत, आणि जपानसाठी वेगळी, फक्त जपानी भाषा चालणारी आवृत्ती ४९,९८० येनला. कन्सोल बहुतेकांनी ४०० डॉलरच्या आसपास धरला होता, तो ४४९.९९ निघाला. त्याच दिवशी अमेरिकेने नवं आयातशुल्क जाहीर केलं आणि ९ एप्रिलला सुरू व्हायची तिथली आगाऊ नोंदणी २४ एप्रिलवर गेली. जपानमध्ये कंपनीच्या दुकानातून घ्यायचं तर सोडत होती, आणि सोडतीत नाव यायला स्विचवर किमान ५० तास खेळलेलं असणं आणि ऑनलाइन सेवेचं एक वर्षाचं सदस्यत्व ही अट होती. खरेदी करून चढ्या भावाने विकणाऱ्यांना गाळण्यासाठी याहून नेटकी अट मला माहीत नाही. तरीही सुमारे २२ लाख अर्ज आले.

भारतातून वाट पाहणाऱ्याला घोषणेनंतर आणखी एक वाट पाहावी लागते, आणि त्यात पैसे वाया जाण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. जपानहून येणाऱ्या नातेवाइकाला ‘तिथे स्वस्त आहे, घेऊन ये’ म्हणाल तर तो फक्त जपानी भाषेचं यंत्र आणण्याची शक्यता आहे. त्याची भाषा बदलत नाही आणि त्याला जपानमधलंच खातं लागतं. अनेक भाषांचं यंत्र तिथे वेगळं मिळतं (२०२५ मध्ये आलं तेव्हा ते ६९,९८० येनला होतं), ते स्पष्ट सांगावं. जुनं मायक्रोएसडी कार्ड खेळ साठवायला चालत नाही, फक्त जुनी चित्रं आणि चित्रफिती त्यावरून घेता येतात. नवं कार्ड मायक्रोएसडी एक्सप्रेसच हवं. जुन्या स्विचच्या चार्जरने नवं यंत्र चार्ज होतं, पण डॉकमधून टीव्हीवर चित्र येत नाही, त्याला सोबत मिळणारा ६० वॉटचाच लागतो. तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे आपल्याकडे फक्त पिनांचा कन्व्हर्टर पुरतो, ट्रान्सफॉर्मरची गरज नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठेही सीलबंद खोकं घेताना ते कोणत्या देशासाठीचं आहे हे बिल करण्याआधी विचारावं. आणि पुढचा कन्सोल जाहीर होईपर्यंत त्याच्यासाठी कव्हर, कार्ड, काच काहीही आधी घेऊ नये, मापं कितीही ‘पक्की’ म्हणून सांगितली तरी.

आता डोळे पुढच्या प्लेस्टेशनकडे लागले आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनीचे मार्क सर्नी आणि एएमडी या चिप कंपनीचे जॅक ह्यून यांनी एका चित्रफितीत त्यांच्या ‘ॲमेथिस्ट’ प्रकल्पाची तीन तंत्रं समजावून सांगितली. एआयच्या कामासाठी कॉम्प्युट युनिट एकत्र जोडणारे न्यूरल ॲरे, प्रकाशकिरणांचा माग काढणारे रेडियन्स कोर, आणि चिप व मेमरीमधली सगळी ये-जा दाबून लहान करणारं युनिव्हर्सल कम्प्रेशन. मला त्यातलं तिसरं सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण मेमरी महाग आहे आणि तिच्यातून किती माहिती किती वेगाने येते यावर पुष्कळ काही अडतं. सर्नींनी हेही सांगितलं की ही तंत्रं सध्या फक्त सिम्युलेशनमध्ये आहेत आणि काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये ती आणायला ते उत्सुक आहेत. अजून क्लॉक स्पीड नाही, वॉट नाहीत, किंमत नाही. गुणाकार मात्र सुरू झाले आहेत.